मलिक अंबराचा मृत्यू आणि त्याची कबर

मैदानात समोरासमोर लढणाऱ्या सेनापतीचा मृत्यू आणि गनिमी काव्याने लढणाऱ्या पुढाऱ्याचा मृत्यू या दोन निरनिराळ्या जातीच्या घटना होत. पहिल्याचे बळ त्याच्या किल्ल्यांत, तोफखान्यात आणि खजिन्यात असते; तो पडला तरी या गोष्टी मागे उरतात व त्यांची मोजदाद करता येते. दुसऱ्याचे बळ डोळ्यांस दिसत नाही. घाटवाटांची माहिती, रयतेचा विश्वास, हलके घोडदळ आणि योग्य वेळी माघार घेण्याचे शहाणपण हे त्याचे भांडवल. ते जप्त करता येत नाही, लुटताही येत नाही. म्हणून अशा पुढाऱ्याशी लढणाऱ्या सत्तेस त्याचा मुलूख मिळाला तरी समाधान होत नाही; तिला त्याचा देह हवा असतो. तो हाती आला की त्याचे प्रदर्शन करावे, नाही तर तो कोणाच्या दृष्टीस पडणार नाही असा नाहीसा करावा, या दोनच गोष्टी तिला सुचतात.

याचे दाखले शोधण्यास दूर जावयास नको. ज्या नगर जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, त्याच जिल्ह्यातील पेडगावच्या बहादूरगडावर १६८९ साली कैद झालेल्या छत्रपती संभाजी महाराजांना औरंगजेबासमोर आणण्यापूर्वी त्यांची धिंड काढण्यात आली. संताजी घोरपडे १६९७ साली मारले गेले, तेव्हा त्यांचे मस्तक बादशहाकडे रवाना झाले. अकोले तालुक्यातील देवगावचे राघोजी भांगरे यांना इंग्रजांनी १८४८ च्या जानेवारीत पंढरपुरात पकडले आणि त्याच वर्षी २ मे रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिले. वासुदेव बळवंत फडके यांना तर आपल्या मातीत मरणही लाभले नाही. १८८३ साली एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. विसाव्या शतकात दूर बोलिव्हियात हेच घडले. ९ ऑक्टोबर १९६७ रोजी चे गेव्हारा यास ठार मारल्यावर त्याचा देह वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांपुढे मांडण्यात आला, ओळख पटविण्यासाठी हात तोडून घेण्यात आले आणि मग तो गुपचूप पुरण्यात आला. त्याचे अवशेष सापडावयास १९९७ साल उजाडले. त्यानंतर क्यूबातील सांता क्लारा येथे ते समारंभाने ठेवण्यात आले. देश निराळे, काळ निराळे, पण सत्तेचे भय एकच.

या मालिकेत एक ठळक अपवाद आहे, आणि तो आपल्या नगरच्या इतिहासातला आहे. मोगल साम्राज्याशी पंचवीस वर्षे झुंजलेला निजामशाहीचा मुख्य प्रधान मलिक अंबर १६२६ च्या मे महिन्यात ऐंशीच्या घरात असताना वार्धक्याने मरण पावला. त्याचे मस्तक कोणास मिळाले नाही, त्याचा देह कोणी विटंबला नाही. त्याच्या माणसांनी त्याला विधिपूर्वक पुरले आणि त्याच्या कबरीवर घुमट उभा राहिला. हा अपवाद कसा घडला, आणि एवढ्या सन्मानाने पुरलेला हा पुरुष लोकांच्या स्मरणातून मात्र इतका दूर का गेला, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

प्रथम हा पुरुष कोण ते पाहू. मलिक अंबराचा जन्म १५४८ च्या सुमारास हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. पीटर व्हान डेन ब्रूक नावाच्या डच व्यापाऱ्याने १६१७ साली त्याची छावणीत भेट घेतली होती. मोख्याच्या बाजारात ऐंशी गिल्डरांस हा मुलगा विकला गेल्याचे या व्यापाऱ्याने नमूद केले आहे. तेथून बगदाद व बगदादेहून दख्खन असा त्याचा प्रवास झाला. निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. चंगीझखान स्वतः मूळचा हबशी गुलामच होता. धन्याच्या मृत्यूनंतर अंबर मोकळा झाला. काही काळ विजापूरकरांकडे चाकरी करून तो पुन्हा निजामशाहीत आला, तो थोड्याशा स्वारांचा नाईक म्हणून.

त्याचे नाव झाले ते राज्य बुडाल्यावर. १५९५–९६ साली चांदबिबीने नगरचा किल्ला मोगलांविरुद्ध राखला. परंतु १६०० साली तिच्याच माणसांनी तिला ठार मारले, किल्ला पडला आणि बालराजा बहादूर निजामशहा ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत गेला. राजधानी गेली, राजा गेला, खजिना गेला. लौकिक अर्थाने निजामशाही तेथेच संपली. अंबराने मात्र राजघराण्यातील एका मुलास परांड्यास आणून मुर्तजा निजामशहा या नावाने गादीवर बसविले, आपली मुलगी त्यास दिली आणि राज्य चालू असल्याचे जाहीर केले. गादी कोठे आहे, किल्ला कोणाचा आहे, याला महत्त्व नाही. लढणारी माणसे आहेत तोवर राज्य आहे, हा सिद्धान्त त्याने येथे प्रत्यक्षात आणला. अशा पुरुषास क्रांतिकारक म्हणावे काय, असे कोणी विचारील. त्याने राजसत्ता उलथली नाही, उलट एक बुडती गादी सावरली, हे खरे. परंतु बाजारात किंमत ठरलेल्या माणसाने राजे बसवावेत आणि दिल्लीच्या बादशहास पाव शतक अडवून धरावे, ही घटना त्या काळी साधी नव्हती.

त्याच्या युद्धपद्धतीस समकालीन फार्सी लेखक ‘बरगीगिरी’ म्हणतात. ज्या स्वारास घोडा व हत्यार सरकारातून मिळे तो बारगीर. स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. बारगिरांच्या हलक्या तुकड्यांनी शत्रूच्या अवजड फौजेभोवती घिरट्या घालावयाच्या, तिची रसद तोडावयाची, चाऱ्यास बाहेर पडणाऱ्यांस गाठावयाचे, रात्री छावणीवर बाण टाकावयाचे, आणि फौज अंगावर आली की डोंगरात पसार व्हावयाचे, असा हा प्रकार. या लढाईत जय एका दिवसात मिळत नाही. शत्रूची भूक आणि कंटाळा हीच मोठी शस्त्रे ठरतात. इंग्रज प्रवासी विल्यम फिंच याने १६१० च्या सुमारास अंबराच्या सैन्याचा जो आकडा दिला आहे, त्यात दहा हजार हबशी आणि सुमारे चाळीस हजार दखनी आहेत. या दखनी सैन्यात मराठ्यांचा भरणा मोठा होता. डोंगर त्यांचे, वाटा त्यांच्या, घोडीही त्यांच्याच सवयीची. अंबराचे कर्तृत्व हे की, विखुरलेल्या या बळास त्याने एका धोरणात ओवले.

त्याची करामत १६११–१२ सालच्या एका मोहिमेत नीट दिसते. गुजरातेतून अब्दुल्लाखान आणि वऱ्हाडातून दुसरी फौज अशा दोन बाजूंनी अंबरास चिमटीत धरण्याचा मोगलांचा बेत होता. अब्दुल्लाखान यशाच्या लोभाने एकटाच पुढे आला. अंबराने त्याला अडविले नाही. आत येऊ दिले. दौलताबादेच्या आसपास बारगिरांनी त्याचा असा पाठलाग मांडला की अखेर त्याला बागलाणाच्या वाटेने गुजरातेत परतावे लागले. दुसरी फौज ही बातमी ऐकूनच मागे फिरली.

आग्र्यास या माणसाबद्दल काय वाटत होते याची साक्ष एका चित्रात आहे. जहांगीर बादशहाचा आवडता चितारी अबुल हसन याने १६१६ च्या सुमारास ते काढले. आज ते आयर्लंडची राजधानी डब्लिन येथील चेस्टर बिटी संग्रहात आहे. जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा आहे, हातात धनुष्य आहे, आणि समोर भाल्यावर लावलेल्या मलिक अंबराच्या मस्तकावर तो बाण सोडीत आहे. त्या मस्तकावर घुबड बसविले आहे. चित्र अप्रतिम आहे. पण त्यातील प्रसंग कधीच घडला नाही. जे मस्तक रणात मिळाले नाही ते बादशहाने रंगांत मिळविले! आपल्या आत्मचरित्रातही जहांगीर अंबराचा उल्लेख त्याच्या काळ्या वर्णावरून हिणविल्याखेरीज सहसा करीत नाही. ज्याला आपण खरोखर तुच्छ मानतो, त्याच्या नावाचा इतका जप कोणी करीत नाही.

अंबरास पराभव ठाऊकच नव्हते असे मात्र कोणी समजू नये. १६१६ साली जालन्याजवळ रोषणगावी त्याचा मोठा पराभव झाला. लखुजी जाधवांसारखे सरदार मोगलांस मिळाले होते, आणि त्याने वसविलेली खडकी मोगलांनी जाळली. १६१७ साली शहाजादा खुर्रम चालून आला, तेव्हा नगरचा किल्ला परत द्यावा लागला. १६२१ साली पुन्हा तोच प्रकार झाला. परंतु प्रत्येक तहानंतर तो काही दिवस गप्प राही, आणि मोगल फौजेची पाठ फिरली की पुन्हा उठे. तह हा त्याच्या लेखी लढाईतील विसावा होता.

त्याचा सर्वांत मोठा विजय नगर शहराजवळच भातवडीस झाला. आज त्या गावास भातोडी म्हणतात. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एक होऊन त्याच्यावर आले. अंबराचे वय तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होते. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेत पाणी सोडले. चिखल आणि उपासमार यांनी ती फौज जेरीस आली, आणि मग त्याने घाव घातला. विजापूरकरांचा सेनापती मुल्ला महंमद लारी मारला गेला. मोगलांचे अनेक सरदार कैद झाले. अंबराच्या बाजूने शहाजीराजे भोसले आणि त्यांचे बंधू शरीफजी लढत होते. शरीफजी या युद्धात पडले; भातोडीस त्यांची समाधी आहे. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने कवींद्र परमानंदाने रचलेल्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात या युद्धाचे सविस्तर वर्णन आहे, आणि त्यात अंबराच्या पराक्रमाचा गौरवही आहे.

या विजयानंतर दोन वर्षांच्या आतच अंबर वारला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. भातवडीनंतर त्याने नगरच्या किल्ल्यास वेढा घातला होता, पण तो किल्ला त्याला घेता आला नाही. ज्या शहराच्या नावाने तो आयुष्यभर लढला, ते शहर त्याच्या मृत्युसमयी शत्रूच्या ताब्यात होते. नगरास बागरौझ्यात पहिला अहमद निजामशहा चिरविश्रांती घेत आहे. शहाडोंगरावर सलाबतखान या प्रधानाची तीन मजली कबर आहे. तिलाच लोक चुकीने चांदबिबीचा महाल म्हणतात. निजामशाहीच्या सर्वांत थोर प्रधानास तेथे जागा नव्हती.

त्याला पुरले ते दौलताबादेपलीकडील डोंगरावर, रोजा येथे. हे स्थान का निवडले गेले, हे त्या गावाचा इतिहास पाहता सहज उमगते. चौदाव्या शतकात दिल्लीहून आलेल्या चिश्ती संतांनी हे गाव पवित्र केले होते. जरजरीबक्ष म्हणून ओळखले जाणारे मुंतजबुद्दीन, बुऱ्हाणुद्दीन गरीब, झैनुद्दीन शिराझी यांचे दर्गे तेथे आहेत. अशा सत्पुरुषांच्या छायेत आपली कबर असावी ही भाविक मुसलमानाची मोठी इच्छा असे. शिवाय दौलताबादचा किल्ला आणि खडकी शहर ही दोन्ही अंबराच्या सत्तेची ठाणी तेथून जवळ होती. चौथऱ्यावर उभी असलेली, घुमटाची, दगडी अशी ही कबर. जवळच त्याची पत्नी बिबी करीमा हिची कबर आहे. जन्मभर घोड्यावर राहिलेल्या, छावणीतून राज्य चालविणाऱ्या माणसाची स्थिर अशी वास्तू म्हणावी तर हीच.

त्याच्या मृत्यूनंतर त्याच्याविषयी सर्वांत मार्मिक शब्द लिहिले ते शत्रूच्या बखरकाराने. जहांगीरच्या दरबारातील मुतमदखान याने ‘इकबालनामा-इ-जहांगिरी’ या ग्रंथात अंबराच्या निधनाची नोंद करताना, युद्धात, सेना हाताळण्यात, न्यायबुद्धीत आणि कारभारात याला तोड नव्हती, अशा अर्थाचा अभिप्राय दिला आहे. बरगीगिरीवरील त्याची हुकमत तो आवर्जून सांगतो, आणि हबशी गुलाम इतक्या योग्यतेस चढल्याचे दुसरे उदाहरण इतिहासात नाही असे म्हणतो. धनी ज्याला शिव्या देत होता, त्याला नोकराने मृत्यूनंतर न्याय दिला. पुढच्याच वर्षी, १६२७ च्या ऑक्टोबरात, जहांगीरही वारला. चित्रातले मस्तक चित्रातच राहिले.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. गनिमी काव्याचा पुढारी मेला म्हणजे त्याचे युद्ध मरते काय? वरवर पाहता उत्तर ‘होय’ असेच दिसते. अंबराचा मुलगा फत्तेखान याच्या अंगी बापाचे अधिकार आले, गुण आले नाहीत. राजाने त्याला कैदेत टाकले. सुटल्यावर त्याने राजाचाच जीव घेतला, आणि १६३३ साली दौलताबाद मोगलांच्या हवाली केले. जे राज्य बापाने काही नसताना उभे केले, ते मुलाने सर्व काही असताना सात वर्षांत घालविले. एका माणसाच्या बुद्धीवर उभारलेल्या सत्तेचा हा दोष अंबराच्या खात्यावरही मांडला पाहिजे. आपल्यामागे काय, याची तरतूद त्याला करता आली नाही.

परंतु याच वेळी नगर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकास, संगमनेर तालुक्यातील पेमगिरीच्या किल्ल्यावर, वेगळेच काही घडत होते. भातवडीनंतर अंबरापासून दुरावलेले शहाजीराजे आता निजामशाहीचा भार स्वतःच्या शिरावर घेऊन उभे राहिले होते. त्यांनी राजघराण्यातील एक लहान मूल शोधून काढले, त्याला पेमगिरीवर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने कारभार सुरू केला. १६०० साली परांड्यास अंबराने जे केले, त्याचीच ही हुबेहूब पुनरावृत्ती होय. १६३६ साली माहुलीस शहाजीराजांना शरण जावे लागले, निजामशाही संपली. पण धडा संपला नाही. अंबराच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १६३० साली, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला होता. अंबरापासून महाराजांपर्यंत सरळ गुरुशिष्यपरंपरा जोडण्याचा मोह आम्ही टाळतो. महाराजांची राज्यकल्पना सर्वस्वी त्यांची आहे, आणि अंबराजवळ नसलेले आरमार, दुर्गांची साखळी व स्वतःचे सिंहासन त्यांनी निर्माण केले. तथापि दख्खनच्या डोंगरात मोठ्या फौजेस उपाशी ठेवून हरविता येते, हा अनुभव मराठा घराण्यांनी अंबराच्या छावणीत घेतला होता, हे नाकारता येत नाही.

या अनुभवाची अखेरची परीक्षा पुन्हा नगरासच झाली. १६८१–८२ साली औरंगजेब दख्खनेत उतरला आणि पंचवीस वर्षे येथेच अडकून पडला. विजापूर घेतले, गोवळकोंडे घेतले. मराठ्यांचे किल्ले घेतले, ते पुन्हा गेले. थकलेला बादशहा १७०६ साली नगरास येऊन राहिला आणि ३ मार्च १७०७ रोजी भिंगारजवळच्या छावणीत वारला. त्याचा देह नगरहून रोजा येथे नेण्यात आला आणि झैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात उघड्या, साध्या कबरीत ठेवण्यात आला. म्हणजे बरगीगिरीचा आचार्य आणि बरगीगिरीने जेरीस आणलेला सम्राट हे एकाच लहानशा गावात येऊन निजले. दोघांच्या दफनांत एक्क्याऐंशी वर्षांचे अंतर आहे. त्या एक्क्याऐंशी वर्षांत दख्खनचा जो इतिहास घडला, त्याची सुरुवात एका कबरीपाशी आणि शेवट दुसरीपाशी वाचता येतो.

मग अंबराचे स्मरण का पुसले? एक कारण नावांचे आहे. औरंगजेबास मृत्यूनंतर ‘खुल्दमकान’ ही पदवी मिळाली, म्हणून रोजाचे खुलताबाद झाले. अंबराने १६१० साली वसविलेल्या खडकीस फत्तेखानाने फत्तेनगर केले, पुढे औरंगजेबाच्या सुभेदारीत तिचे औरंगाबाद झाले, आणि २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर आहे. राजे बदलले तशी गावे नवी नावे ल्याली. अंबराचे नाव कोणत्याच राजधानीवर राहिले नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. ज्याला वंश नाही, जात नाही, पंथाची फौज नाही, त्याची पुण्यतिथी करणार कोण? हबशी म्हणून तो मराठ्यांस परका, गुलाम म्हणून उमरावांस परका, दखनी म्हणून दिल्लीस परका. ज्यांच्यासाठी तो लढला त्यांच्यापैकी कोणीच त्याला ‘आमचा’ म्हणण्यास पुढे आले नाही.

तरी दोन ठिकाणी त्याचे नाव चिकटून राहिले, आणि दोन्ही ठिकाणे तलवारीची नाहीत. एक जमिनीचा धारा. जमिनीची प्रत पाहून, पिकाचा अंदाज घेऊन सारा ठरविण्याची आणि इजारदारांचा जाच दूर करण्याची जी पद्धत त्याने घातली, तिला महाराष्ट्र पुढे पिढ्यान्‌पिढ्या मलिकअंबरी म्हणूनच ओळखीत आला. दुसरे पाणी. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नळांनी खडकीत आणणाऱ्या त्याच्या कालव्यास आजही नहर-ए-अंबरी म्हणतात. शहराचे नाव तीनदा बदलले, पाण्याचे बदलले नाही.

आमच्या मते गनिमी युद्धाचे खरे मर्म येथेच आहे. रयतेने धान्य दडविले नाही, वाट दाखविली नाही, बातमी पोचविली नाही, तर उत्तम बारगीरही आठ दिवसांत पकडला जातो. ज्याच्या साऱ्याने शेतकरी नागवला जात नाही, त्याच्याच घोड्यांस रात्री चारा मिळतो. मलिक अंबर बिछान्यावर मरू शकला, त्याचे मस्तक शत्रूच्या भाल्यावर गेले नाही, याचे श्रेय त्याच्या तलवारीइतकेच त्याच्या धाऱ्यासही दिले पाहिजे. नगरच्या माणसाने वेरूळची लेणी पाहून परतताना खुलताबादेस थांबावे. बादशहाच्या कबरीकडे गर्दी जातेच, तिने या दुसऱ्या घुमटापाशीही घटकाभर उभे राहावे. आपल्या शहराच्या नावाने लढलेला आणि त्या शहरात दोन हात जागा न मिळालेला एक पुरुष तेथे निजला आहे. त्याला ‘आमचा’ म्हणण्याचा पहिला हक्क नगरकरांचा आहे, आणि तो अजून बजावावयाचा राहिला आहे.